नवीन पीसी आला तरी जुना डेटा तसाच राहावा: नॅस घ्यायचा की पीसीतच डिस्क वाढवायच्या?

घाटवाट:
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप माझ्या पीसीत नाही, म्हणजे बोर्डासकट सगळंच बदलायचंय. फोटो, व्हिडिओ, बाबांच्या कॅसेटवरून उतरवलेली भजनं, सगळं वाढतच चाललंय. माझं मत, डिस्क पीसीबाहेरच हव्यात. दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा वेगळा डबा) घ्यायचा, मग पीसी कितीदाही बदला. कुणाला पटत नसेल तर का ते सांगा.

सातबारा:
अजिबात पटत नाही. नॅस म्हणजे पण कंप्युटरच ना, त्याचाही बोर्ड जातो, त्याचाही सपोर्ट संपतो. कॅबिनेटमध्ये जागा असते, साधी ३.५ इंची डिस्क एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) करून लावा, उद्या कुठल्याही विंडोज पीसीत उघडेल. फक्त बायॉसमधला (बोर्डाच्या सेटिंगमधला) रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडणं, करू नका!! इंटेलच्या बोर्डावर केलेला रेड एएमडीचं बोर्ड ओळखत नाही.

घाटवाट:
डबा गेला तरी डिस्क कुठं जातात? नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीचा एसएचआर आतून लिनक्सचाच रेड आहे, डिस्क काढून उबंटूच्या (म्हणजे लिनक्सच्या) पीसीला लावल्या की डेटा वाचता येतो, कंपनीनेच पद्धत दिलीय. आणि जागा कमी पडली की ४ टीबी काढून ८ टीबी घालायची, रिबिल्ड झालं (दुसरीवरचा डेटा नवीवर उतरला) की दुसरी, डेटा हलवायची गरजच नाही. फक्त सीएमआर प्रकारची डिस्क घ्यायची, एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेली) रिबिल्डला फार रडवते.

मोगरा२२:
दोघंही डिस्क उघडेल म्हणताय पण बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावायच्या कुलुपाचं काय? नवीन बोर्ड लावलं की ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. डिस्क बसवायच्या यूएसबी डब्यांचंही बघा, काही डबे डिस्कचे सेक्टर (डेटाचे कप्पे) वेगळ्या साइजचे दाखवतात. आतेभावाने तशी डिस्क काढून सरळ बोर्डावरच्या साटा जोडणीला लावली तर विंडोज म्हणे फॉरमॅट करा! परत त्याच डब्यात घातली तेव्हा सगळं दिसलं.

सातबारा:
म्हणूनच म्हणतो, मधे काही नकोच. मी घरी नसताना आईला उबंटू लावून फोटो काढता येणारेत का? आणि अशा रेडमध्ये दोन्ही डिस्कवर तेच असतं, एकीकडचं डिलीट झालं की दुसरीकडचंही जातं, तो बॅकअप नव्हे. नॅसच्या पैशात आणखी एक डिस्क घ्या, कॉपी करून गावी कपाटात ठेवा.

घाटवाट:
गावच्या डिस्कचं मान्य, ती घेतोच. पण दर आठवड्याला डिस्क लावून कॉपी करत बसायला घरात कुणाला वेळ आहे? नॅस ते रात्री आपोआप करतो, सगळ्यांच्या फोनमधले फोटोसुद्धा खेचून घेतो. मी नॅसच घेणार.