मदत हवी आहे: उपासमारीच्या हिवाळ्यातील डच मुलांचा बुद्ध्यांक घटला का नाही?

नमस्कार.

आमच्या तालुक्यातील शिक्षकांच्या अभ्यासमंडळापुढे मला 'आहार, परिसर आणि बुद्ध्यांक' या विषयावर बोलायचे आहे. टिपणे काढताना एका ठिकाणी अडलो आहे. मानसशास्त्र, संख्याशास्त्र किंवा बालवैद्यकाच्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

अडचण नेदरलँड्सची आहे. तेथे सैन्यभरतीच्या वेळी तरुणांना रेव्हनची आकृत्यांची चाचणी द्यावी लागत असे. १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत तिच्यातील गुण बुद्ध्यांकाच्या हिशेबाने सुमारे २० अंकांनी वाढले, असे न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८७ मध्ये मांडले. एका पिढीत जनुके इतकी बदलत नाहीत, म्हणून श्रेय परिसराला द्यावे लागते. आणि परिसर म्हटला की पहिला विचार अन्नाचाच येतो. (शिक्षकही पहिला प्रश्न मध्यान्ह भोजनाचाच विचारतील, याची मला खात्री आहे.)

पण त्याच देशाच्या पश्चिमेकडील शहरांत १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली गेला आणि वीस हजारांवर माणसे दगावली. तेव्हा आईच्या पोटात असलेली मुले पुढे एकोणिसाव्या वर्षी याच भरतीला आली. झेना स्टाइन, मर्विन ससर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सव्वा लाख तरुणांच्या नोंदी तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष काढला, की उपासमार झालेल्या शहरांतील मुलांचे गुण इतर शहरांतील मुलांपेक्षा कमी नव्हते. अन्नामुळे गुण वाढत असतील, तर अन्नच नव्हते त्या वर्षाचा खड्डा आलेखात दिसायला नको का?

आयोडीनच्या बाबतीत मात्र असा पेच नाही. गरोदरपणात ते पुरेसे न मिळाल्यास थायरॉइडचे संप्रेरक कमी पडते आणि गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणूनच कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी यांनी केलेल्या आयोडीनयुक्त मिठाच्या प्रयोगाला केवळ गलगंडापुरते महत्त्व नाही. मग एक सूक्ष्म घटक कमी पडला तर मेंदूची हानी होते आणि सगळेच अन्न तुटले तर होत नाही, हे शिक्षकांना कसे समजावून सांगावे? शिवाय त्या काळात जन्म खूप घटले होते, तेव्हा केवळ सुस्थितीतील घरांतील मुलेच मोजली गेली असण्याची शक्यता कितपत आहे?

प्रतिसाद

आपली शेवटची शंका रास्त आहे. मजुरी करणाऱ्या घरांतील जन्म अधिक घटले होते हे खरे. परंतु संशोधकांनी वडिलांच्या व्यवसायानुसार गट पाडून तुलना केली, तेव्हाही गुणांत फरक आढळला नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्या मातांच्या बाळांचे जन्मवजन मात्र घटले होते, म्हणजे झळ गर्भापर्यंत पोहोचली होती.

माझ्या मते भेद कालावधीचा आहे. डच मातांचे आधीचे पोषण बरे होते, टंचाई काही महिन्यांची होती आणि मे १९४५ नंतर बाळांना अन्न मिळू लागले. याच्या शेजारी ग्वाटेमाला ठेवून पाहा. तेथील चार खेड्यांपैकी दोनांत १९६९ ते १९७७ या काळात 'अतोले' ही प्रथिनयुक्त पेज दिली गेली आणि दोनांत नुसते गोड पेय. पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेली मुले मोठेपणी वाचनात आणि रेव्हनच्या चाचणीतही सरस ठरली. तेथील कुपोषण वर्षानुवर्षांचे होते.

त्यामुळे व्याख्यानात डच गुणवाढ अन्नाच्या खात्यावर मांडू नका. फ्लिन यांनीही उपासमारीचा हाच पुरावा पुढे करून आहाराच्या स्पष्टीकरणावर शंका घेतली आणि शालेय शिक्षण, लहान कुटुंबे व अमूर्त विचारांची सवय यांवर भर दिला. नॉर्वेतील १९७५ नंतर जन्मलेल्या तरुणांचे गुण घसरले आणि ती घसरण सख्ख्या भावांमध्येही दिसली, हा २०१८ चा निष्कर्षही सोबत सांगा. आई-वडील तेच असताना गुण बदलतात, हे शिक्षकांना पटकन कळेल.