बंद केलेल्या मेंबरशिपचे पैसे कापतच आहेत, थांबवायचं कुठे? (सल्ला हवा)

कासची_वाट (सातारा)
वडिलांच्या पेन्शन खात्याच्या पासबुकात या नोंदी आहेत. दर महिन्याच्या 7 तारखेला 299. दर 5 तारखेला 1,500, हे जिमचे. मेंबरशिपची मुदत मार्चमध्येच संपली. एकदा डॉलरमधला व्यवहार, रुपयांत 860च्या आसपास. शिवाय मेअखेर 436 आणि 20. ज्या अ‍ॅपचे 299 असावेत ते फोनवरून केव्हाच काढून टाकलंय. बँक म्हणते कंपनीशी बोला, कंपनी म्हणते बँकेशी बोला. सरळ कार्ड ब्लॉक करावं का?

हळदपेठ (सांगली)
कार्ड ब्लॉक करायची घाई नको. त्याने फक्त कार्डावरून जाणारे पैसे थांबतील. यूपीआय ऑटोपे आणि नॅच (आपण दिलेल्या परवानगीवर बँकेतर्फे खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची सोय) हे थेट खात्याला जोडलेले असतात, त्यांना कार्डाशी देणंघेणं नाही. नवं कार्ड हातात येईल आणि 5 तारखेला 1,500 पुन्हा जातील.

आधी कुठला पैसा कुठल्या वाटेनं जातोय ते शोधा. पासबुकावर अवलंबून राहू नका, छपाईत तपशिलाची ओळ अर्धवट तुटते. नेटबँकिंगमधून पीडीएफ स्टेटमेंट काढा किंवा शाखेतून पूर्ण तपशिलाचा उतारा मागा. ओळीत ‘एसीएच’ किंवा ‘नॅच’ असेल तर नॅच. ‘यूपीआय’सोबत ‘मँडेट’ (पैसे आपोआप कापायची आगाऊ परवानगी) किंवा ‘ऑटोपे’ असेल तर यूपीआय. ‘ईकॉम’ किंवा ‘एसआय’ (स्टँडिंग इन्स्ट्रक्शन) असं काही असेल तर बहुधा कार्ड. प्रत्येक बँकेची लिहिण्याची तऱ्हा वेगळी, पण एवढ्यावरून अंदाज येतो.

436 आणि 20 सोडून द्या. ते जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते, वर्षातून एकदा मेअखेर जातात. नको असतील तर शाखेत लेखी अर्ज द्यायचा, पण 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण मिळतंय, ते बंद करण्यात शहाणपण दिसत नाही.

ओटीपी_नको (मिरज)
299चं बघू. अ‍ॅप काढून टाकल्यानं सबस्क्रिप्शन बंद होत नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. तीन ठिकाणी शोधायचं.

पहिलं प्ले स्टोअर. उजवीकडे वरच्या फोटोवर टॅप, मग ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, मग ‘सबस्क्रिप्शन्स’. फोनमध्ये दोन जीमेल खाती असतील तर दोन्हीकडे बघा, अ‍ॅप एकीकडे आणि पैसे दुसरीकडे असं हमखास असतं. आयफोनवर सेटिंग्ज, वर स्वतःचं नाव, ‘सबस्क्रिप्शन्स’.

दुसरं यूपीआय. गुगल पे असो की फोनपे, प्रोफाइलच्या फोटोवर टॅप केलं की ‘ऑटोपे’ सापडतं. चालू मँडेट उघडा, रद्द करा, यूपीआय पिन टाका. फोनमध्ये तीन यूपीआय अ‍ॅप्स असतील तर ज्यातून मंजुरी दिली त्यात आधी शोधा. कुठलं ते मँडेट क्रमांकाच्या शेपटीवरून कळतं: @ च्या पुढे ‘ओके’ने सुरुवात असेल तर गुगल पे, ‘वायबीएल’ असेल तर फोनपे, ‘पीटी’ने सुरुवात असेल तर पेटीएम.

तिसरं कार्डाचं मँडेट. ते बँकेच्या साइटवर किंवा अ‍ॅपमध्ये ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ या नावाखाली असतं. बऱ्याच बँका तिथून ‘एसआय हब’ पोर्टलवर नेतात, कार्डाची मँडेट तिथे बघून रद्द करता येतात. तिथे बँकेच्याच साइटवरून जा, गुगलवर शोधून नको.

कासची_वाट
299 यूपीआयमध्ये सापडलं. पण गंमत अशी की मँडेटवर रक्कम ‘5,000 पर्यंत’ लिहिलीय. हे कसं काय?

ओटीपी_नको (मिरज)
‘फक्त 1 रुपयात ट्रायल’ची मेख तीच. 1 किंवा 2 रुपये भरताना ज्या पानावर पिन टाकतो, त्याच पानावर ‘कमाल रक्कम’ आणि ‘वारंवारता’ बारीक अक्षरात असते. पिन एकदाच, मग दर महिन्याला 299 आपोआप. साध्या सबस्क्रिप्शनला 15,000 पर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना ओटीपी लागत नाही (ही मर्यादा जून 2022 पासूनची, त्याआधी 5,000 होती). म्हणून ‘ओटीपी आला नाही म्हणजे फसवणूक’ असं धरू नका.

कृष्णाकाठ (कराड)
पण आदल्या दिवशी सूचना यायला हवी. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख कळवणं हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि त्या सूचनेतूनच नकार देण्याची सोय असायला हवी. काकांना एसएमएस येत नसेल तर दोन गोष्टी तपासा. बँकेत नोंदलेला मोबाइल नंबर जुना आहे का, आणि मँडेट करताना सूचनेसाठी ईमेल निवडला होता का. ईमेल निवडलेला असेल तर सूचना जाहिरातींच्या टॅबमध्ये पडून असतील. त्या शोधून ठेवा, किंवा आल्याच नाहीत हे बँकेला लेखी कळवा. तक्रारीत हा मुद्दा चांगला चालतो.

डॉलरच्या व्यवहाराची गोष्ट वेगळी. परदेशी साइट ओटीपी न मागताही कार्डावर पैसे लावू शकते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्ड सेटिंगला ‘इंटरनॅशनल’चं बटण असतं, ते बंद ठेवा. ही बटणं देणं बँकांवर 2020 पासून बंधनकारक आहे. मात्र बटण बंद केलं म्हणजे तिकडचं खातं बंद झालं असं नाही, त्या साइटवर जाऊन रद्द करायचंच.

हळदपेठ (सांगली)
आता जिमचे 1,500. हा बहुतेक नॅच असेल, वार्षिक फीचे हप्ते पाडून फॉर्मवर सही घेतलेली असते. काउंटरवर ‘मेंबरशिप बंद करा’ म्हटल्यानं मँडेट मरत नाही. दोन अर्ज करा.

एक जिमला ईमेलने: मुदत अमुक तारखेला संपली, मँडेट मागे घेत आहे, त्यानंतर घेतलेली रक्कम परत करा. दुसरा शाखेत. त्यात खाते क्रमांक, रक्कम, दर महिन्याची तारीख, घेणाऱ्या संस्थेचं नाव आणि यूएमआरएन लिहा. यूएमआरएन म्हणजे 20 अक्षरी मँडेट क्रमांक, सुरुवातीची चार अक्षरं बँकेची. तो स्टेटमेंटमध्ये नसेल तर शाखेत मिळतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ‘कंपनीशी बोला’ असं तोंडी ऐकून परत फिरू नका. अर्ज 5 तारखेच्या तीन-चार कामाचे दिवस आधी द्या, आदल्या दिवशी दिला तर तो हप्ता जातोच.

आणि खात्यात पैसे न ठेवण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. पैसे नसल्यानं परत गेलेल्या प्रत्येक हप्त्याला बँकेचा दंड आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. शिवाय खरंच देणं असताना नॅच परत गेला तर 2007च्या पेमेंट कायद्याचं कलम 25 लागू शकतं, चेक बाउन्ससारखंच.

कासची_वाट
मार्चनंतर गेलेले पैसे परत मिळतील का?

कृष्णाकाठ (कराड)
मुदत संपल्याचा पुरावा हातात असेल तर प्रयत्न करण्यासारखा आहे. जिमची पावती, त्यावरची शेवटची तारीख आणि स्टेटमेंट, एवढं पुरे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, व्हॉट्सअ‍ॅपवर 8800001915. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या युक्त्यांचे 13 प्रकार दिलेत, त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ आहे, म्हणजे रद्द करणं मुद्दाम अवघड करून ठेवणं. तक्रारीत तो शब्द तसाच वापरा. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात दावा चालतो, म्हणजे काकांना साताऱ्यातच, कंपनी कुठलीही असो. 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षं.

मँडेट रद्द केल्यावरही बँकेनं पैसे सोडले तर तक्रार बँकेविरुद्ध. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन.

कार्डावरून गेलेल्या रकमेसाठी बँकेत ‘डिस्प्यूट’ फॉर्म भरता येतो, पण रद्द केल्याचा तारखेसह ईमेल नसेल तर तो परत येतो. आणि ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ या चौकटीत खूण करू नका. मंजुरी आपणच दिलेली असते, बँक ती दाखवते आणि प्रकरण तिथेच संपतं. ‘रद्द केलेला आवर्ती व्यवहार’ हे कारण निवडा.

ओटीपी_नको (मिरज)
प्ले स्टोअरचा ताजा हप्ता असेल तर 48 तासांच्या आत गुगलकडेच परतावा मागा, त्यानंतर बहुधा अ‍ॅप बनवणाऱ्याकडे पाठवतात. आणि काकांना सांगून ठेवा, ‘सबस्क्रिप्शन रद्द करून देतो’ म्हणून फोन आला आणि स्क्रीन शेअर करायला सांगितली तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.

कासची_वाट
पीडीएफ काढली. 1,500च्या ओळीत ‘एसीएच डी’ आहे, म्हणजे नॅचच. 299चं मँडेट रद्द केलं, डॉलरचं बटण बंद केलं. उद्या दोन प्रतींत अर्ज घेऊन शाखेत जातो.

हळदपेठ (सांगली)
पासबुकही घेऊन जा. आणि त्या शाखेत नॅचचं काम बघणारा माणूस कोण ते आधी विचारा, नाहीतर तीन काउंटर फिरवतात.