मदत हवी आहे: वाळूच्या पट्टीतलं खिंडार आणि आतल्या खाडीची पातळी

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट साउथ बे या खाडीवर काम करतोय. ऑक्टोबर 2012 च्या सँडी वादळात ही खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या फायर आयलंडच्या वाळूच्या पट्टीला ओल्ड इनलेटपाशी खिंडार पडलं. पूर्वेकडची दोन खिंडारं बुजवली, हे मात्र संरक्षित वन्यक्षेत्रात असल्याने उघडंच ठेवलं. नंतरच्या हिवाळ्यात खाडीकाठी वारंवार पाणी शिरलं आणि लोकांनी दोष खिंडाराला दिला.

खाडीतल्या लिंडनहर्स्टच्या आणि बाहेरच्या मॉन्टॉकच्या तासागणिक पातळ्या घेऊन भरती-ओहोटी वजा केली. उरलेली पातळी दोन्हीकडे बरोबरच चढते-उतरते, म्हणजे मुख्य कारण बाहेरचा समुद्र असावा. पण लिंडनहर्स्ट पश्चिम टोकाकडे आहे, पूर्वेचा वारा सुटला की पाणी तिथे साचतं. मॅसॅच्युसेट्समधल्या चॅथमला 1987 च्या खिंडारानंतर भरती-ओहोटीतला फरक सुमारे 30 सेंमीने वाढला, तिथे परिणाम उघड होता. इथे तो वाऱ्यात बुडून जातो.

संगणकीय प्रारूप चालवायची सोय नाही. वारा, हवेचा दाब आणि पायथन एवढंच हाताशी आहे. वादळाआधीच्या नोंदींवरून वाऱ्याचा वाटा काढून तो नंतरच्या नोंदींतून वजा करणं योग्य ठरेल, की फक्त अर्धदैनिक (दिवसातून दोनदा येणाऱ्या) भरतीचा आयाम (चढ-उताराचं प्रमाण) आणि ती समुद्रातून खाडीत पोचायला लागणारा उशीर आधी-नंतर ताडून पाहू?