पेपर तपासणीचे अनुभव सांगा : तुमच्या घरी गठ्ठा यायचा का?

महालची_लेक
काल लेकीकडे गेले. ती यंदाच शाळेत लागली. जेवणाच्या टेबलावर नववीचे मराठीचे पेपर पसरलेले, लाल पेन कानावर, अन् मला एकदम बाबाच दिसले.

बाबा नागपूरच्या महाल भागात मराठी शिकवायचे. एप्रिलमध्ये बोर्डाचा गठ्ठा घरी आला की पाहुणे बंद, रेडिओ बंद. रात्री गठ्ठा लोखंडी कपाटात, किल्ली जानव्याला. एका दुपारी कूलरचे शिंतोडे उडाले अन् एका पेपरवर निबंधाची शाई फुटली. बाबांनी तो जुन्या धोतराने टिपला, सावलीत वाळवला. रात्री पानामागे टॉर्च धरला अन् मला म्हणाले, तुझे डोळे चांगले आहेत, वाच. शेतकऱ्याचे मनोगत होतं. एकेक शब्द लावत दोन पानांना तासभर लागला. मध्ये 'पऱ्हाटी' आलं. मी म्हटलं, बाबा, कपाशी पाहिजे नं इथे? ते म्हणाले, "हे पोरगं पऱ्हाटीत राबलेलं आहे. त्याचा शब्द मी काऊन खोडू?" दहापैकी सात दिले.

कोणाचा पेपर होता, कधीच कळलं नाही. वर फक्त बैठक क्रमांक. तुमच्याकडचं सांगा, तपासणारे अन् ज्यांचे पेपर तपासले गेले ते, दोघेही.

तर्री_पोहे
वाचून गळा दाटला ताई. बाकी संध्याकाळी लिहितो, दुकानात गर्दी आहे.

गणितवाली_नंदनवन
मी बोर्डाचं गणित तपासते. आमच्यात पायरीला मार्क असतात. नमुना उत्तरं मिळतात, पण पोट्टे नमुन्याबाहेरच्या रीतीनेही बरोबर सोडवतात, ते वाचावंच लागतं. एका पेपरात क्ष वर्ग वजा ७ क्ष अधिक १२ होतं. पोरीने उतरवतानाच अधिक ७ लिहिलं. पुढे अवयव बरोबर, मांडणी बरोबर, फक्त ३ आणि ४ च्या जागी वजा ३, वजा ४. मी तीनपैकी दोन दिले. सोबतचे सर म्हणे उत्तर चूक तर शून्य. बराच वाद झाला. पेपर नियामकांकडे, म्हणजे आमची तपासणी पुन्हा बघणाऱ्यांकडे गेला, त्यांनी दोन कायम ठेवले. त्या दिवशी घरी येताना फार हलकं वाटलं.

मानेवाडा_२०१९
मी दहावीची २०१९ ची बॅच. भाषा अन् सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत, म्हणजे शाळेनेच द्यायचे २० मार्क त्याच वर्षी काढले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला, अन् आपला नागपूर विभाग ६७.२७, सगळ्यात खाली. माझे मराठीत ३२. पासिंग ३५.

आई म्हणाली, तू लिहिलं आहेस, मला माहीत आहे. छायांकित प्रत मागवली. पुरवणीतल्या पत्राला आत ४ दिलेले होते, ते पहिल्या पानावर चढवलेच नव्हते. ३६ झाले. तपासणाऱ्यावर राग नाही आता. पण हातात दुरुस्त निकाल येईपर्यंत घरात कोणी नीट जेवलं नाही. पुढच्या वर्षी ते २० मार्क परत आणले, आमचं वर्ष तेवढं त्यात सापडलं.

गणितवाली_नंदनवन
@मानेवाडा_२०१९ हे वाचून पोटात कालवलं रे. मी बेरीज दोनदा करते, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. पुरवण्यांचा दोरा सोडून पानं मोजते. आईला नमस्कार सांग.

वाळ्याची_ताटी
कूलरवरून आठवलं, यंदा वाळा कुठे चांगला मिळून राहिला? इतवारीत मागच्या वर्षी घेतला तो महिन्यात काळा पडला.

सक्करदरा_काकू
@वाळ्याची_ताटी पाणी रोज बदल बाप्पा, साचलेल्यानेच काळा पडते.

माझं सांगते. बारावीचा पेपर, शेवटच्या पानाला शंभराची नोट टाचणीने लावलेली, खाली लिहिलं, "मॅडम, पास करा, घरचे लग्न लावून देतील." असं काही सापडलं की कळवावंच लागतं, मी कळवलं. तपासताना मात्र तिने लिहिलेल्या प्रत्येक ओळीचा मार्क दिला. अठ्ठावीसच्या पुढे गेले नाहीत. ती पोरगी अजून मनातून जात नाही.

तर्री_पोहे
आलो. मला सातवीत 'काऊन'वर लाल गोल अन् वर्गात उभं करून हसले होते. नंतर शाळेत तोंड उघडायची भीती बसली, निबंध तर चार ओळींत संपवायचो. महालच्या ताईंचे बाबा भेटले असते तर!

बॅच_२०२१
आमचा दहावीचा पेपर कोणी तपासलाच नाही, परीक्षाच रद्द झाली. नववीचे ५० अन् दहावीच्या वर्षभराचे ५० धरून निकाल. लोक फुकट पास म्हणतात, लागते. मोबाईलवर शिकून, घरात दोघं आजारी असताना गृहपाठ पाठवत होतो आम्ही. आमच्या मराठीच्या मॅडम फोटो मोठा करकरून वाचायच्या अन् रात्री अकरा वाजता आवाजी निरोप यायचा, "बेटा, दुसरा परिच्छेद छान." ते अजून जपून ठेवलेत.

धंतोली_प्राध्यापक
आमच्याकडे आता स्कॅन केलेले पेपर संगणकावर तपासतो. बेरीज आपोआप होते, मानेवाड्याच्या भावासारखी चूक होत नाही, हे फार चांगलं झालं. पण फिकट पेन्सिलची आकृती पडद्यावर दिसतच नाही कधी. पोरांनो, आकृती ठळक काढा.

महालची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला हा धागा वाचून दाखवला. तिच्या गठ्ठ्यात एकाने 'सांबार' लिहिलं होतं, कोथिंबिरीसाठी, अन् तिने गोल केला होता. उठली अन् व्हाइटनर शोधू लागली.

सक्करदरा_काकू
व्हाइटनर नको म्हणावं, गोलावर काट मारून बाजूला सही करू दे.