उत्तरार्धातला झाँ गाबँ दुय्यम होता का?

मूळ मत

फ्रेंच अभिनेता झाँ गाबँ (१९०४-१९७६) याच्या कारकिर्दीचे महायुद्धाने दोन तुकडे केले आणि त्यांतला पहिलाच खऱ्या मोलाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. 'पेपे ल मोको', 'ला ग्रांद इल्युझियों', 'ला बेत युमेन' आणि 'ल झूर स लेव्ह' हे सगळे १९३७ ते १९३९ या तीन वर्षांतले. 'ल झूर स लेव्ह'मध्ये खून करून खोलीत कोंडून घेतलेला कामगार काडी नसल्यामुळे एका सिगारेटवर दुसरी पेटवत राहतो. त्याचे संपत आलेले आयुष्य गाबँ तेवढ्यातूनच दाखवतो. १९५४ नंतर मात्र कोट घातलेला, हुकूम सोडणारा, मिशेल ओदियारचे चुरचुरीत संवाद फेकणारा एकच वडीलधारा माणूस चित्रपटामागून चित्रपटात दिसू लागतो.

प्रतिसाद १

मुळीच पटले नाही. १९४१ मध्ये तो हॉलिवूडला गेला, तिथे दोनच चित्रपट केले आणि मग बंगला-गाडीचे सुख सोडून जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या स्वतंत्र फ्रान्सच्या नौदलात भरती झाला. जनरल लक्लेर्कच्या दुसऱ्या चिलखती डिव्हिजनमध्ये त्याने रणगाड्यावर काम केले. तो परतला तेव्हा चाळिशी उलटली होती, केस पांढरे झाले होते आणि पुढे अभिनेत्री मार्लेन डीट्रिखबरोबरचा १९४६ चा 'मार्तँ रुमाञाक' सपशेल आपटला. अशा माणसाने पुन्हा कोवळा, दुर्दैवी कामगार साकारायचा होता का? झाक बेकरच्या 'तुशे पा ओ ग्रिस्बी'त (१९५४) दोन मुरलेले गुन्हेगार रात्री पाते (मांसाचा मऊ लगदा) आणि बिस्किटासारखे कडक टोस्ट खातात, पायजमे चढवतात, दात घासतात. वयाचा थकवा इतक्या साधेपणाने पडद्यावर क्वचितच आला असेल.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

'ग्रिस्बी' चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एका चित्रपटाच्या पुण्याईवर पुढची वीस वर्षे कशी तारून न्यायची? त्यानंतरच्या बऱ्याच चित्रपटांत पटकथाच गाबँच्या मापाने बेतलेली दिसते. समोरच्या पात्राने चूक करावी आणि याने त्याची खरडपट्टी काढावी, हा ठरलेला क्रम. १९३० च्या दशकात तो दिग्दर्शकाच्या हाती स्वतःला सोपवत असे, पुढे दिग्दर्शक त्याच्या हाती गेले.

प्रतिसाद २

'ला त्राव्हेर्से द पारी' (१९५६) या मापात कुठे बसतो? जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये नट बुर्व्हिलबरोबर काळ्या बाजारातले डुकराचे मांस सुटकेसांमधून वाहून नेणारा हा चित्रकार एका कॅफेत भेकड लोकांवर भडकतो आणि गरिबांनाच शिव्या घालतो. ज्या नटाकडे फ्रान्सने वीस वर्षे कामगारांचा नायक म्हणून पाहिले, त्याच्याच तोंडी हे वाक्य यावे, ही जुन्या प्रतिमेची पुनरावृत्ती नसून तिच्यावरचा उघड हल्ला आहे. १९७१ च्या 'ल शा'मध्ये तर खरडपट्टीही उरत नाही. पाडकामाने वेढलेल्या घरात सिमोन सिन्योरेसमोर तो निवृत्त मुद्रणकामगार बोलणेच टाकतो, चिठ्ठ्या लिहितो. या भूमिकेसाठी त्याला बर्लिनमध्ये सर्वोत्तम अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले, हे पुरावा म्हणून सांगत नाही. चित्रपट पाहावा आणि मग उत्तरार्ध एकसुरी ठरवावा.

प्रतिसाद ३

दोन्ही बाजू त्याचे तीन मेग्रे चित्रपट (मेग्रे हा सिमनोंच्या कादंबऱ्यांतला पोलीस तपास अधिकारी) विसरल्या. निदान पहिल्यात (१९५८) तो हुकूम सोडण्यापेक्षा ऐकून घेण्याचे काम अधिक करतो, आणि उन्हाळ्याने हैराण झालेला तो जाडजूड पोलीस अधिकारी मला 'पेपे'इतकाच जवळचा वाटतो.