पाम थ्रीमधले मेमो सेल संपायच्या आत कसे काढायचे?

जुनी_डायरी
पाम थ्री (खिशात मावणारा संगणक) आहे, १९९८चं मॉडेल. सेलचं चिन्ह जवळजवळ रिकामं. आधी सेल बदलू की बॅकअप घेऊ? लिनक्स वापरतो, क्रेडलला (पाम ठेवून संगणकाला जोडायचा स्टँड) नऊ पिनांचा सिरियल प्लग आहे. काही मेमो 'प्रायव्हेट' आहेत आणि पासवर्ड आठवत नाही.

तांब्याची_तार
सेल तसेच काढू नका. नोंदी रॅममध्ये असतात, वीज तुटली की त्या पुसल्या जातात. सेल निघाल्यावर आतला कपॅसिटर नवा असताना मिनिटभर तग धरायचा, आता त्याचा भरवसा नाही. दोन नवे एए सेल होल्डरमध्ये घाला (३ व्होल्ट) आणि बारीक तारांनी सेलच्या खणातल्या टोकाच्या प्लस-मायनस पट्ट्यांना जोडा. मल्टिमीटरने आधी दिशा तपासा. दोन्ही सेलना जोडणारी मधली पट्टी घ्यायची नाही. होल्डर जोडल्याबरोबर जुने सेल उचला, नाहीतर नवे सेल त्यांनाच चार्ज करत बसतील. मग बॅकअप होल्डरवरच घ्या.

सिरियलवाला
यूएसबी ते सिरियल अडॅप्टर खऱ्या आरएस-२३२ (जुन्या सिरियल पोर्टच्या) व्होल्टेज पातळीचा हवा. ५ किंवा ३.३ व्होल्टची टीटीएल (सर्किटची थेट कमी व्होल्टची) पट्टी इथे चालत नाही. पायलट-लिंक या लिनक्सवरच्या पाम-साधनांतली पायलट-एक्सफर ही आज्ञा बॅकअपच्या पर्यायाने आधी सुरू करा, ती वाट बघू लागली की मगच क्रेडलवरचं बटण दाबा. अर्ध्यात अडकली तर वेग ९६०० करा. रटाळ, पण पोचतं. पोर्टच उघडत नसेल तर बहुधा परवानगीचा घोळ आहे, युजरला डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेला गट) घाला.

हेक्सवाचक
पासवर्डची काळजी सोडा, पण 'पासवर्ड विसरलो' या बटणाला हात लावू नका. ते सगळ्या प्रायव्हेट नोंदी पुसतं! मेमो एन्क्रिप्ट होत नाहीत, नुसता एक बिट लागतो. बॅकअपमधली मेमोडीबीची (मेमोंचा साठा) पीडीबी फाइल हेक्स एडिटरमध्ये (बाइट थेट दाखवणारा प्रोग्राम) उघडा. हेडर (फाइलचा सुरुवातीचा भाग) ७८ बाइटचं, नोंदींची संख्या ७६व्या बाइटपासून (मोजणी शून्यापासून, मोठा बाइट आधी). पुढे प्रत्येक नोंदीला ८ बाइट:

०० ०० ०३ ७८ ५२ ०० १० ०१

पहिले चार म्हणजे मजकुराची जागा, शेवटचे तीन ओळख क्रमांक. मधला हेक्स ५२ फोडा: ४० म्हणजे बदललेली, १० म्हणजे प्रायव्हेट, २ हा कॅटेगरी क्रमांक. मजकूर साधा, शून्य बाइटला संपणारा. कोडिंग विंडोज-१२५२ धरा, यूटीएफ-८ म्हणून उघडलंत तर तिरकी अवतरणं बिघडतील.

जुनी_डायरी
मेमो सगळे निघाले, प्रायव्हेटसुद्धा. पण हेडरमधली तारीख २०६६ची येतेय?

हेक्सवाचक
पाम १ जानेवारी १९०४पासून सेकंद मोजतो. २०८२८४४८०० वजा करा, २००० साल येईल. मात्र काही प्रोग्राम तिथे थेट युनिक्स वेळ (१ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद) लिहितात. सर्वांत वरचा बिट शून्य असेल तर वजाबाकी करू नका. आणि वेळ स्थानिक घड्याळाची असते, यूटीसी नाही.

तांब्याची_तार
मूळ पीडीबी फाइल जशीच्या तशी जपा, चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) काढून. काटछाट प्रतीवर करा.