चर्चच्या स्मरणिकेत १७३९ नंतरची माणसं कुठे गेली?

उत्तरवसईकर
वसईतल्या कुठल्याही जुन्या धर्मग्रामाची (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती वस्तीची) ज्युबिलीची स्मरणिका उघडा. बिशपांचा संदेश, प्रमुख धर्मगुरूंचं मनोगत, आमदारांच्या शुभेच्छा, मग 'आपल्या चर्चचा इतिहास' म्हणून जेमतेम दोन-अडीच पानं. पोर्तुगीज आले, फ्रान्सिस्कन नाहीतर जेझुइट फादरांनी चर्च बांधलं, मराठ्यांच्या स्वारीत नासधूस झाली, आणि पुढच्याच परिच्छेदात एकदम नवी वेदी, नवी शाळा, नवं सभागृह. शेवटी फादरांची यादी, सालांसकट. उरलेली पानं सोनार आणि बिल्डरांची.

माझी तक्रार यादीबद्दल नाही, त्या दोन परिच्छेदांमधल्या खिंडारीबद्दल आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. गव्हर्नर गेला, फिदाल्गो म्हणजे पोर्तुगीज सरदार गेले, मठवासीही बहुतेक गेले. राहिले ते केळी, पानवेली करणारे, मासे मारणारे आपले लोक. ज्यांच्या राज्यात धर्म आला ते राज्य गेलं, आता दरबारात ख्रिस्ती म्हणवून घेण्यात काडीचा फायदा नव्हता. तरी आगाशी, नंदाखाल, सांडोर ख्रिस्तीच राहिली. आज किल्ल्यात जाऊन बघा, तिथली भव्य चर्चं बहुतेक पडक्या भिंती आहेत आणि वाड्यांतल्या चर्चमध्ये रविवारी उभं राहायला जागा नसते. आपल्या धर्मग्रामाचा खरा इतिहास इथून सुरू होतो आणि नेमका इथेच स्मरणिकावाले पान उलटतात.

पानवेल
जोरदार लिहिलंय, पण अर्धंच. धर्म लोकांनी राखला म्हणता, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कोणी म्हटली? बाप्तिस्मा कोणी दिला? पोर्तुगीज मठवासी गेल्यावर गोव्याकडचे देशी धर्मगुरू इथे राबले. गोरे नव्हते, कुठल्या मठाचे नव्हते, म्हणून त्यांची चित्रं कुठे लागली नाहीत. ज्या यादीला तुम्ही नाकं मुरडता तिथेच त्यांची नावं सापडतात. यादी काढलीत तर तुमची खिंडार आणखी मोठी होईल.

शिवाय हे सगळं दरबाराच्या इच्छेविरुद्ध चाललं होतं असंही नाही. किल्ला खाली करतानाच्या कलमांत ख्रिस्ती प्रजेला धर्म पाळायची आणि काही चर्च चालू ठेवायची मुभा होती. याचं थोडं श्रेय चिमाजी अप्पांनाही द्या की.

सोपारकर
गंमत आहे. एकाला १७३९ नंतरचं हवंय, दुसऱ्याला फादरांचं. १५३४ ते १७३९ बद्दल दोघेही गप्प! देवळं पाडली गेली, अनाथ हिंदू मुलांना चर्चच्या ताब्यात देण्याचे कायदे झाले, गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, हात वसईपर्यंत पोचत होता. स्मरणिकेत यातलं काय असतं? 'सुवार्तेचं बीज पेरलं गेलं.' बस्स. आमच्या सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये अशोकाच्या काळापर्यंत जाणारा स्तूप उकरला. या मातीचा इतिहास चर्चच्या पाटीवरच्या सालापासून सुरू होत नाही.

आणि विहिरीत पाव टाकून अख्खं गाव बाटवल्याची गोष्ट तर इथल्या प्रत्येक हिंदू घरात सांगतात. तुमच्याकडे सांगत नाहीत का?

कादोडी
सांगतात. माझी आजी लुगडं नेसणारी कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती बाई, तीच ही गोष्ट रंगवून सांगायची. पण नीट ऐका ती. पाव विहिरीत पडला, लोक नकळत पाणी प्याले, आणि बाहेरच्यांनी सांगितलं की आता तुम्ही आमचे नाही. पाद्रीने फक्त पाव टाकला. दार लावलं ते भाऊबंदांनी! गोष्ट खरी की खोटी ते जाऊ द्या, पण ती जातीबाहेर टाकण्याबद्दल जितकं सांगते तितकं पोर्तुगिजांबद्दल सांगत नाही. सामवेदी हिंदू आणि सामवेदी ख्रिस्ती आजही एकच बोली बोलतात, लग्नातल्या कितीतरी रीती सारख्या आहेत. मग तुटलं काय आणि कोणी तोडलं?

जबरदस्ती, आमिष, कायद्याचा धाक, हे सगळं छापलं पाहिजे यावर मात्र मी सोपारकरांच्या बाजूने. चारशे-साडेचारशे वर्षांनंतर खरं बोलल्याने कोणाची श्रद्धा उडत असेल तर ती श्रद्धा फारच पातळ होती.

समितीतला
मी दोन स्मरणिकांच्या संपादन समितीवर होतो, म्हणून जरा जमिनीवरचं बोलतो. लिहा म्हणता, कशावरून लिहू? पोर्तुगीज कागद गोव्यात आणि लिस्बनला, मराठ्यांचे कागद पुण्यात पेशवे दफ्तरात, मोडीत. समितीत एक निवृत्त शिक्षक, एक बँकवाला, दोन कॉलेजची मुलं. सणाआधी पाच आठवडे. त्यात कोण मोडी वाचणार?

दुसरं कोणी उघड बोलत नाही ते मी बोलतो. सध्याचे दिवस बघा. 'धर्मांतरासाठी दबाव आला' हे आम्हीच आमच्या स्मरणिकेत छापलं तर ते एकच वाक्य कापून रात्रीत व्हॉट्सॲपवर फिरेल आणि वाडीतल्या पोराला त्याचा जाब द्यावा लागेल. ज्युबिली म्हणजे लोकांचा आनंदाचा दिवस, संशोधनाचा प्रबंध नव्हे. ज्याला लिहायचं त्याने स्वतंत्र पुस्तक काढावं, मी पहिली प्रत विकत घेईन.

वांद्रेकर
मुंबईकडून एक भर. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या गावठाणांत आणखी एक गोष्ट गाळतात, ती म्हणजे पाद्रोआदो आणि प्रोपागांडाचं भांडण. एक चर्च पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालचं, दुसरं थेट रोमच्या अखत्यारीतलं, दोघांचे बिशप वेगळे, आणि कोणाच्या चर्चमध्ये जायचं यावरून शेजारी-शेजारी अबोला. हे १९२८ पर्यंत चाललं. वसई तर त्याआधी दमणच्या बिशपांकडे होती, १८८६ पासून. म्हणजे पोर्तुगीज गेले, मराठे आले, इंग्रज आले, तरी चर्चचा कारभार पोर्तुगालच्याच आश्रयाखाली. तुमच्या स्मरणिकेत यावर एक ओळ तरी असते का? आमच्यात नसते. भांडण आपसातलं ना!

उत्तरवसईकर
समितीतला, भीतीचं तुम्ही म्हणता ते खोटं नाही. पण आपण लिहिलं नाही म्हणून लोक गप्प बसलेत का? ते वाक्य आजही फिरतंच, फक्त दुसऱ्याच्या शब्दांत, हवं तसं वाढवून. आपल्या तोंडून निदान मागचं-पुढचं धरून येईल.

साधनं नाहीत हेही अर्धवट खरं. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवायचा नियमच घालून दिला. चर्चच्या कपाटातल्या जुन्या वह्या आपण फक्त दाखला काढायला उघडतो. त्यात धर्ममाता-धर्मपित्यांची नावं असतात, कोणाचं कोणाशी नातं जुळत होतं ते कळतं. त्याला मोडी लागत नाही, वेळ आणि धुळीची तयारी लागते.

आणि आळीतले क्रूस! आमच्या आळीच्या तोंडाशी आहे तो दगडी. चौथऱ्यावर संगमरवरी पाटी, त्यावर बांधणाऱ्या कुटुंबाचं नाव आणि साल. पण दर मे महिन्यात रोझरीच्या (जपमाळेच्या प्रार्थनेच्या) आधी कोणीतरी हौसेने ऑइलपेंट मारतो, पांढऱ्यावर पांढरा, आणि आता बोटाने चाचपलं तरच अक्षरं लागतात. वाडीवाडीतले असे क्रूस कोणी बांधले, कशासाठी, साथीत की नवस फेडायला, हे लिहून काढलं तर फादरांच्या यादीशेजारी ठेवायला लोकांची यादी तयार होईल. १९१८ मध्ये बॅसीन कॅथलिक बँक निघाली तीसुद्धा याच इतिहासातली. सावकाराच्या तावडीतला बागायतदार आणि चर्चचा माणूस एकत्र आले की काय होतं ते त्यात दिसतं. पण बँकेचं काय छापतात? जाहिरात.

सोपारकर
क्रुसांबद्दल मान्य. मग चर्चच्या घंटांचंही लिहा. भीमाशंकरला टांगलेली आहे, तिच्यावर क्रूस आणि १७२९ साल. वाईजवळ मेणवलीला एक, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक. वसईच्या मोहिमेची आठवण म्हणून आमच्याकडे अभिमानाने दाखवतात.

कादोडी
त्या परत मागाव्यात असं आमच्यातल्या काहींना वाटतं. मला नाही वाटत. आहेत तिथे वाजू द्या, फक्त खाली एक पाटी लावा की ही कुठल्या चर्चची असावी आणि इथे कशी आली. तुमच्या देवळाच्या दगडांबद्दल तशीच पाटी आमच्या आवारात लागली तर माझी हरकत नाही. सोपारकर, तुमची आहे?

सोपारकर
पाटीला हरकत नाही. पाटीवर कोण काय लिहिणार, भांडण तिथे होईल.

समितीतला
ठरलं तर. क्रुसांचे फोटो आणि पाट्यांवरचा मजकूर कोणी आणून देत असेल तर पुढच्या अंकात आठ पानं देतो. धर्मांतरावरचा लेख मात्र समितीपुढे ठेवावा लागेल आणि तिथे काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. जाहिरातींची पानं कमी होणार नाहीत, छपाईचा खर्च त्यातूनच निघतो.

पानवेल
आठ पानं घ्या नाहीतर सोळा. प्रत्येक क्रुसाला आशीर्वाद द्यायला फादरच आले होते, तेवढं त्यात येऊ द्या.